टोलेम नव्हे, तळें: एका वाड्याच्या नावाचं प्रकरण

माझी पुतणी सहावीत आहे. गेल्या वर्षी शाळेने त्यांना 'माझ्या वाड्याचा इतिहास' (वाडा म्हणजे आमच्याकडे गावातली एक वस्ती) असा प्रोजेक्ट दिला होता आणि तिने वहीत पहिलंच वाक्य लिहिलं ते असं, 'पूर्वी येथे टोल घेत असत म्हणून आमच्या वाड्याला टोलेम असे नाव पडले.' खाली स्केचपेनने नाक्याचं चित्र, आडवा बांबू, टोपी घातलेला शिपाई. मी विचारलं, कोणी सांगितलं गं हे, तर म्हणाली, काका बोर्डावरच लिहिलंय ना टोलेम, आणि टोल म्हणजे टोलच की. वर्गातल्या अजून दोघांनी हेच लिहिलं होतं, आणि गणपतीच्या वेळी मुलांनी जो बॅनर छापला त्यावरपण 'टोलेम वाडा' असंच होतं. तेव्हा मला जाणवलं की ही एका मुलीची चूक नाही, नाव आमच्या डोळ्यांदेखत बदलत चाललंय.

गावाचं नाव मुद्दाम देत नाही. गोव्यात बारदेश तालुक्यातलं आहे, म्हापशाहून स्कूटरने वीसेक मिनिटं. वर सडा म्हणजे खडकाळ पठार, सड्याच्या पायथ्याला घरं, घरांपुढे खोलगट शेत आणि शेताच्या पलीकडे रस्ता. आमच्या वाड्यावर साठेक घरं असतील, हिंदू आणि ख्रिस्ती दोन्ही. बोर्ड लागला तो तीन-चार वर्षांपूर्वी, निळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरं, वर रोमीत म्हणजे रोमन लिपीत नाव आणि खाली देवनागरीत. रोमीतलं स्पेलिंग जुनंच आहे, लाईट बिलावर, मतदार यादीत, सगळीकडे तेच, टी ओ डबल एल ई एम. रंगवणारा बाहेरचा होता, त्याला यादी मिळाली ती रोमीत, त्याने जसं वाचलं तसं देवनागरीत उतरवलं, त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही. तोपर्यंत वाड्याचं नाव देवनागरीत कुठे लिहिलेलंच नव्हतं, फक्त तोंडात होतं, आणि तोंडात काय होतं ते लिहून घ्यायला कोणी विचारलं नाही.

आता हे स्पेलिंग नीट वाचायला थोडं मागे जावं लागतं. गोव्यातल्या गावांची रोमी स्पेलिंगं इंग्रजांनी नाही, पोर्तुगीजांच्या कानांनी आणि त्यांच्या लिपीच्या सवयीने ठरवलेली आहेत. तिसवाडी 1510 पासून त्यांच्याकडे, बारदेश आणि सासष्टी 1543 पासून, पेडणे, डिचोली, सत्तरी हे तालुके अठराव्या शतकाच्या शेवटी गेले, पण लिहायची पद्धत सगळीकडे तीच. पोर्तुगीजमध्ये शब्दाच्या शेवटी एम आला की तो ओठ मिटून म्हणायचा नसतो, आधीचा स्वर नाकातून काढायचा असतो. आपल्याकडे कोकणीत पेडणें, केपें, सांगें असे अनुस्वाराने संपणारे शब्द भरपूर, त्यांना तो एम अगदी चपखल बसला. पणजीला, डिचोलीला, साखळीलापण तो लागला. गोष्ट एवढीच की 1961 ला पोर्तुगीज गेल्यावर इंग्रजी शाळा वाढल्या, वाचणारे इंग्रजीच्या सवयीने वाचायला लागले, आणि अनुस्वाराचा 'म' झाला. म्हणून आज बसमध्ये पेरनेम, क्वेपेम, सांगेम, बिचोलिम ऐकू येतं, मोल्याच्या अभयारण्याला तर आपलेच लोक सर्रास मोलेम म्हणतात.

हे एवढ्यावरच थांबत नाही. पोर्तुगीजला आपला 'ड' नाही, त्यामुळे पेडण्यातला ड, मडगावातला ड, अस्नोडा, रेवोडा, नादोडा, बस्तोडा या सगळ्यांतला ड तिथे आर झाला, आणि तो आर वाचून आता लोक मारगाव, अस्नोरा, रेवोरा म्हणतात. 'ह' त्यांच्याकडे मुका. हणजूण, हरमल, हळदोणे या तिन्ही गावांचा पहिला ह गळाला आणि अंजुना, आरंबोल, आल्डोना उरले. हळदोण्यात हळद ऐकू येते की नाही ते बघा, आल्डोनात काही ऐकू येत नाही. नाव कुठून आलं त्याचा पक्का निवाडा मी करत नाही, पण निदान विचार करायला धागा तरी हातात राहतो. आणि रोमी कोकणीत आपल्या अ ला बऱ्याचदा ओ लिहितात, कारण आमचा अ तोंडात गोलच असतो, घर हा शब्द जी एच ओ आर असा लिहितात. ळ साठी डबल एल. हे सगळं लावून आमचं टी ओ डबल एल ई एम परत वाचा. ओ म्हणजे अ, डबल एल म्हणजे ळ, शेवटचा एम म्हणजे अनुस्वार. तळें. सुरुवातीचा टी तेवढा त की ट ते सांगत नाही, बाकी सगळी अक्षरं साक्षीला उभी आहेत.

पण अक्षरांवरून कोण ऐकतो? मी वाड्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हे टाकलं तर दोन गट पडले. एक म्हणाला, टोलच बरोबर, पोर्तुगीजांच्या वेळी इथून माल जायचा, जकात असायची. दुसऱ्याने अजून एक आणलं, तोलणे म्हणजे मोजणे, इथे भात तोलून घ्यायचे, म्हापशाचं नाही का, माप भरायचं म्हणून म्हापसा. म्हापशाची ही गोष्ट आपल्या सगळ्यांना लहानपणापासून माहीत आहे, शुक्रवारचा बाजार डोळ्यासमोर आहे म्हणून ती पटते, पण पटणं वेगळं आणि पुरावा वेगळा. दोना पावला हे एका पोर्तुगीज बाईचं नाव, तिच्याभोवती किती प्रेमकथा विणल्या गेल्यात ते टूरिस्ट गाईडला विचारा. नावाचा अर्थ हरवला की माणूस मोकळी जागा ठेवत नाही, काहीतरी भरतो. टोलचं तर साधं उत्तर आहे, 1961 च्या आधी आमच्या गावात इंग्रजी शब्दावरून वाड्याला नाव कोण देईल? जकातीला तेव्हा लोक आल्फांद म्हणायचे, म्हातारे अजून म्हणतात. जकातीवरून नाव पडलं असतं तर ते आल्फांदवाडो झालं असतं.

खरा पुरावा मला मिळाला तो आमच्या मागच्या घरातल्या आजीकडून. वय 84. तिला मी सरळ विचारलं, आजी वाड्याचं नाव काय, तर तीसुद्धा बोर्डाकडे हात करून म्हणाली, टोलें मरे, बरयलां न्ही, म्हणजे लिहिलंय ना तिथे. मी निराशच झालो. मग बसून दुसरंच काही बोलत होतो, लग्न होऊन ती आली तेव्हाचं, आणि ती म्हणाली, 'आमी कपडे धुवपाक तळ्यार वतालीं,' म्हणजे कपडे धुवायला तळ्यावर जायचो. तळ्यार! मी परत विचारलं, खंय वतालीं? 'तळ्यार मरे, पुता, थंय सकयल.' आणि समोरच्या शेताकडे बोट, जिथे आता पाणी म्हणायला पावसाळ्यातच.

हे मला फार महत्त्वाचं वाटलं आणि ज्यांना आपल्या गावातली नावं गोळा करायची आहेत त्यांनी हे कराच. नाव काय असं विचारू नका. नाव विचारलं की माणूस कागदावरचं सांगतो, त्याला वाटतं तुम्हाला शुद्ध पाहिजे. त्याऐवजी कुठे गेला होता, कुठून आला असं विचारा, म्हणजे नाव विभक्तीत येतं आणि विभक्तीत नाव खोटं बोलत नाही. पेडणे तोंडात असेल तो पेडण्याला जातो, पेरनेम असेल तो पेरनेमला जातो. केप्याला, सांग्याला, मांद्र्याला, म्हापशात, फोंड्यात, हे ण्या, प्या, ग्या, शा जे होतं ना ते शब्द आपल्या भाषेत मुरलेला असल्याशिवाय होत नाही. तळें चं तळ्यार होणारच. टोल चं काही केल्या तळ्यार होत नाही. आजीने नाव बोर्डावरून सांगितलं, पण वाक्यात ते आपोआप आपल्या जागी बसलं.

त्या दिवशी संध्याकाळी मी आणि पुतणी दोघं शेतात उतरलो. रस्त्याच्या बाजूला एक घुमटी आहे, राखणदाराची म्हणजे जागा राखणाऱ्या देवाची, तिथे दर वर्षी रोट, म्हणजे जाड भाकरीचा नैवेद्य, देतात. लहानपणापासून बघतोय पण कधी प्रश्न पडला नव्हता की घुमटीचं तोंड रस्त्याकडे न करता शेताकडे का केलंय. घुमटीच्या पुढ्यात गवत बाजूला केलं तर चिऱ्याच्या पायऱ्या. पाच मोजल्या, सहावी मातीत अर्धी. गवतात उतरणाऱ्या पायऱ्या, खाली काहीच नाही, नुसतं ओलसर शेत आणि बगळे. शेजारच्या अंकलनी मग सांगितलं की त्यांच्या लहानपणी चवथीचे गणपती याच पायऱ्यांवरून पोंचवायचे, म्हणजे विसर्जन करायचे, आणि ते स्वतः, ख्रिस्ती घरातले, माटोळीतल्या, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या, फळांच्या आशेने मागे यायचे. आता गणपती नदीवर नेतात टेम्पोतून, पण निघताना म्हातारी माणसं अजून म्हणतात, चला तळ्यार. आम्ही तरुण पोरं ते ऐकून सोडून द्यायचो. राखणदार पाण्याची राखण करत होता. पाणी गेलं, तो तिथेच तोंड करून बसलाय.

कागदपण मिळाला. फॉर्म एक-चौदा, म्हणजे आमचा जमिनीचा उतारा, त्यामध्ये शेताचं नाव लिहायची एक जागा असते, बहुतेक लोक सर्व्हे नंबर आणि कुळाचं नाव बघतात आणि ती ओळ वाचतच नाहीत. आमच्या त्या खोलगट तुकड्याच्या शेजारच्या सर्व्हे नंबरवर नाव आहे टी ओ डबल एल ई ए आणि पुढे बांद. ई ए म्हणजे या. तळ्याबांद. आजीच्या तोंडातली विभक्तीच सत्तरच्या दशकातल्या सर्व्हेवाल्याने कागदावर उतरवून ठेवलीय. ज्याला आम्ही रस्ता म्हणतो तो मुळात तळ्याचा बांध, वर डांबर पडलं एवढंच.

तळं असण्याचं कारणपण जमिनीतच आहे. सडा म्हणजे जांभ्या दगडाचा, पाऊस पितो आणि पायथ्याला झरीतून हळूहळू सोडतो. ते पाणी बांध घालून अडवायचं, पावसाळ्यानंतर मानस, म्हणजे पाणी सोडायची झडप, बंद करायची आणि खालच्या शेतांना वायंगणाच्या, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या, भातासाठी पुरवून पुरवून द्यायचं. करमळीचं तळं, कुडतरीची तळी, मयेचं तळं, ही मोठी म्हणून सगळ्यांना माहीत आहेत, पण अशी लहान तळी गावोगाव होती. गावकारीकडून, म्हणजे पोर्तुगीजांनी जिला कोमुनिदाद म्हटलं तिच्याकडून, बांधाची डागडुजी व्हायची आणि मासळीची पावणी म्हणजे लिलाव व्हायचा. 1964 चा कूळ कायदा आला, जमीन कसणाऱ्याला हक्क मिळाला ही मोठी गोष्ट झाली, माझे आजोबाही कूळच होते, पण बांध सांभाळायचा कोणी हा प्रश्न मधल्यामध्ये राहिला. आमच्याकडे वायंगण सुटलं, मानशीची फळी कुजली, तळं आधी चिखल झालं मग शेत मग प्लॉट.

आणि प्लॉटवरच येतो, कारण या प्रकरणात मला सगळ्यात जास्त त्याचंच वाईट वाटतं. बाहेरून आलेल्या एका कुटुंबाने तिथे घर बांधलं. माणसं चांगली आहेत, वाड्यात मिसळतात, आरतीला येतात. पहिल्याच जुलैत त्यांच्या अंगणात दुसऱ्या पायरीपर्यंत पाणी. ते म्हणाले, आम्हाला कोणी काही सांगितलं नाही. खरं आहे. त्यांच्या कागदावर टोलेम होतं, बोर्डावर टोलेम होतं, मॅपवर टोलेम होतं. देवनागरीत तळें असं एकदा जरी कुठे वाचलं असतं तर ते मराठी येणारे लोक आहेत, त्यांनी नक्की विचारलं असतं की तळं कुठाय. पणजीत मळ्याजवळच्या वस्तीला पोर्तुगीजांनी फोंतेन्यस म्हटलं, म्हणजे छोटे झरे, त्यांनी निदान नावात पाणी ठेवलं. आमच्या बोर्डाने पाणी काढून टोल टाकला.

गोव्यात नावं हलणं काही नवीन नाही. वेर्ण्याची म्हाळसा सोळाव्या शतकात देऊळ पाडलं जाईल या भीतीने अंत्रूजला, म्हणजे फोंड्याच्या बाजूला, नेली तर म्हार्दोळ हे नावसुद्धा तिच्याबरोबर प्रियोळला गेलं, आणि वेर्ण्यात उरलं ते जुनं म्हार्दोळ. दिवाडी बेटावरच्या नार्व्याहून सप्तकोटेश्वर नदीपलीकडे डिचोली तालुक्यात गेला, त्या जागेलाही आज नार्वेच म्हणतात, 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी जीर्णोद्धार केला तो तिथल्या देवळाचा. लोकांनी रात्रीबेरात्री होडीतून देव नेले आणि नावंही नेली, कारण देवाइतकंच नावपण आपलं आहे ही समज त्यांना होती. त्यांनी जिवावर उदार होऊन जे जपलं ते आपण रंगाच्या एका डब्याने घालवावं हे मला सहन होत नाही, सरळ सांगतो.

तर आम्ही ग्रामसभेत विषय घेतला. रविवार होता, तीसेक माणसं. मी एक-चौदाची प्रत, पायऱ्यांचे फोटो आणि आजीचं फोनवर रेकॉर्ड केलेलं बोलणं घेऊन गेलो होतो. विरोध झाला तो अर्थावर नाही, तो सगळ्यांना पटला, पायऱ्यांचा फोटो बघून दोन-तीन म्हातारे उठून आपापल्या आठवणी सांगायला लागले आणि सचिवांना त्यांना बसवावं लागलं. विरोध झाला तो कटकटीवर. एक बाई म्हणाली, माझ्या आधारवर, पासबुकावर, मुलाच्या पासपोर्टवर टोलेम आहे, नाव बदललं तर मी कुठे कुठे धावू? बरोबर बोलत होती ती. आणि इथेच मला कळलं की आपण नाव बदलायला आलेलोच नाही. रोमी स्पेलिंग चुकीचं नाहीच, ते तळें असंच लिहिलंय, फक्त वाचता येत नव्हतं. चुकलीय ती देवनागरीची एक ओळ. रोमीला हात लावायचा नाही आणि देवनागरी तेवढी दुरुस्त करायची असं मांडलं आणि पाच मिनिटांत ठराव झाला. ज्यांच्या गावात असाच विषय असेल त्यांनी हा फरक आधीच स्पष्ट करावा, अर्धं भांडण तिथेच मिटतं.

दुसरं भांडण मात्र झालंच. तळेवाडा लिहायचं की तळेंवाडो? मी मराठी लिहितो, मराठी शाळेत शिकलो, घरात पोथ्या मराठी, तरी मी तळेंवाडो म्हटलं. काहींना आवडलं नाही, एकाने तर तू असा कसा म्हणून विचारलं. पण नाव ज्यांच्या तोंडात आहे त्यांच्या तोंडात जसं आहे तसं लिहायचं, आजी तळें म्हणते, तो अनुस्वार तिचा आहे. आणि तोच अनुस्वार एम बनून चुकीचा वाचला गेला होता, तो काढून टाकला तर उद्या परत कोणी विचारेल की रोमीत एम कुठून आला. शेवटी बोर्डावर नुसतं 'तळें' लिहायचं ठरलं, वाडा-वाडो दोन्ही नको. मला ते पूर्ण पटलेलं नाही पण चाललं.

बोर्ड दिवाळीनंतर रंगवला. मॅपवर दुरुस्ती टाकलीय, तिथे अजून जुनंच दिसतं. घराच्या पाण्याचं दुखणं बोर्डाने जात नाही हे उघड आहे, पण त्या कुटुंबाने आणि आम्ही काही जणांनी मिळून मे महिन्यात मानशीची जुनी वाट मोकळी केली, बांधाखालचा पाईप तुंबला होता तो साफ केला, या वर्षी पाणी पहिल्या पायरीला टेकून उतरलं. पुतणीने प्रोजेक्टचं पहिलं पान फाडलं नाही, त्यावर एक रेघ मारून खाली नवीन वाक्य लिहिलं आणि नाक्याच्या शेजारी पाच पायऱ्या काढल्या.

आता आमची यादी झालीय. आजीच्या बोलण्यात त्या एका दुपारी तळ्याशिवाय अजून सात नावं आली होती जी कुठल्याच कागदावर नाहीत, त्यांत सड्यार चढताना लागणारी एक जागा, एक व्हाळ म्हणजे ओढा, दोन भाटं म्हणजे बागायती. तिचे गुडघे दुखतात, चढ चढवत नाही. पुढच्या रविवारी भावाच्या गाडीतून जिथपर्यंत चाकं जातात तिथपर्यंत तिला नेणार आहोत, पुतणी वही घेऊन पुढे बसणार, आणि प्रश्न काय विचारायचा ते तिला आता माहीत आहे.